मॉरिशसला जाऊन नुसतं लोळायचं असेल तर

सुस्तावलेली (धागाकर्ती)

मंडळी, मॉरिशसवर लिहिलेलं बरंच वाचलं जायच्या आधी, पण सगळं "काय काय बघाल" टाईप. उत्तर दर्शन, दक्षिण दर्शन, इल ओ सेर्फ, चामारेलची सात रंगांची माती, झालं, बॅगा भरा. आम्ही मे महिन्यात जाऊन आलो आणि ठरवून यातलं जवळपास काहीच केलं नाही, त्यामुळे ऑफिसात, सोसायटीत आणि सासरच्या ग्रुपवर "मग तिकडे गेलात कशाला" हे सगळ्यांचं विचारून झालंय. त्या सगळ्यांना एकगठ्ठा उत्तर म्हणून हा धागा, आणि कुणाला असंच जाऊन पडायचं असेल तर थोडा उपयोगही होईल.

आधी राहायचं कुठे ते. बेट छोटं आहे, उत्तर-दक्षिण पासष्टेक किलोमीटर, त्यामुळे टूरवाले एका हॉटेलात ठेवतात आणि रोज सकाळी गाडीत कोंबतात. आम्ही पश्चिम किनारा घेतला, फ्लिक आँ फ्लाक. कारण वारा. तिथे वर्षभर आग्नेयेकडून वारे येतात, जून ते सप्टेंबर जरा जास्तच, आणि पूर्वेचा बेल मारचा किनारा फोटोत कितीही भारी दिसला तरी त्या दिवसात टॉवेल धरून बसावं लागतं. पश्चिमेला मधल्या डोंगरांचा आडोसा आहे. वर सूर्यास्त फुकट. आणि रिसॉर्टच घ्यायला पाहिजे असं नाही, रस्त्याच्या अलीकडे समुद्र आणि पलीकडे स्वयंपाकघरवाली अपार्टमेंटं, तशी एक आम्ही घेतली.

आता समुद्र. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचा कठडा आहे, लाटा तिथेच लांबवर फुटतात. म्हणजे तुम्ही वाळूत बसलेले असता, लांब एक पांढरी रेघ दिसत असते, तिचा घुमल्यासारखा आवाज सतत येत असतो आणि इकडे पायाशी पाणी घोट्यावरून हलतसुद्धा नाही. बऱ्याच आतपर्यंत चालत गेलं तरी कमरेएवढंच. माझ्यासारख्या, स्विमिंग पुलाच्या कडेला धरून पोहणाऱ्या बाईला हे म्हणजे... असो. पाण्यावर पाठीवर पडून राहायचं, कान पाण्यात, मग त्या लाटांचा आवाजही बंद होतो आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी रोज हे करायचे आणि नवरा दर थोड्या वेळाने किनाऱ्यावरून हात करून मी जिवंत आहे का ते बघायचा.

किनाऱ्यालगत सुरूची झाडं आहेत रांगेने, सावलीला छत्रीबित्री लागत नाही. चटई टाका आणि पडा. एक मात्र, सुरूची ती बारीक काटेरी फळं वाळूत लपलेली असतात, अनवाणी चाललात की कळतं.

वेळेचा फायदा असा की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपली सातला उठायची सवय म्हणजे तिथे साडेपाचला टक्क जागे. मग चहा घेऊन किनाऱ्यावर, तेव्हा तिथे फक्त कुत्री आणि चालायला आलेली स्थानिक म्हातारी मंडळी. "बोंजूर" म्हणायचं, ती पण म्हणतात, पुढे काही नाही. दुपारी झोप. पावणेसहालाच सूर्य बुडतो मे महिन्यात, त्याच्या आधी सगळं गाव किनाऱ्यावर येऊन उभं राहतं आणि बुडाला की पटापटा घरी जातं.

रविवार चुकवू नका. रविवारी पर्यटक कोपऱ्यात आणि किनारा त्यांचा. तंबू, सतरंज्या, डेगभर बिर्याणी, आज्या-नातवंडं सगळी, आणि एखाद्या झाडाखाली ते रावान नावाचं मोठं चपटं चामड्याचं वाद्य. थोडा पालापाचोळा पेटवून आधी ते शेकतात, म्हणजे चामडं ताणतं, मग वाजवतात. सेगा हा गुलामांनी जपलेला नाच आहे, हॉटेलातल्या शोमध्येही दाखवतात घागरे वगैरे घालून, पण इथे पोट सुटलेले काका आणि हातात प्लास्टिकचा ग्लास घेतलेल्या काकू नाचत होत्या आणि ते जास्त खरं वाटलं.

खाण्याचं खाली विचारा, नाहीतर हा लेख तिथेच संपायचा नाही.

---

किमी_मोजणारा

छान लिहिलंय ताई पण राग मानू नका, समुद्र बघत पडायचंच होतं तर काशीद, गुहागर काय वाईट? सहा-साडेसहा तासांचं विमान करून एवढा खर्च करून जायचं आणि ब्लॅक रिव्हर घळीचं जंगल नाही बघायचं, ल मोर्नचा डोंगर नाही चढायचा, मला पटत नाही. आम्ही रोज सकाळी साडेसातला बाहेर पडायचो, एक पण पॉइंट सोडला नाही.

---

सुस्तावलेली

राग कसला. रोज साडेसातला तर मी कामाला निघतेच की काका 🙂

---

लाटवाचक

@किमी_मोजणारा, काशीदशी तुलना चुकतेय. गुहागर मला जीव की प्राण आहे, दर वर्षी जातो, पण तिथे पाण्यात पडून राहता येत नाही. आपला किनारा उघडा आहे, मध्ये कठडा नाही, लाट थेट पायावर फुटते आणि परत जाताना खालून ओढते. काशीदला दर वर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात त्या उगाच नाही. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं, ओहोटीला समुद्र गाठायला चालत जावं लागतं. मॉरिशसला हा फरक अर्धा-पाऊण मीटरच्या आसपास, म्हणून सकाळी चटईपासून पाणी जेवढं लांब, संध्याकाळीही साधारण तेवढंच.

फक्त एक धोक्याचं. कठड्याला जिथे खिंडी आहेत तिथून आतलं पाणी जोरात बाहेर जातं. होड्या ज्या वाटेने जातात ना, तीच ही खिंड. तिथे पोहायला जायचं नाही, मास्क लावून तर नाहीच, खाली मासे बघता बघता कुठे आलो ते कळत नाही. आणि दक्षिणेला ग्री ग्रीच्या बाजूला कठडाच नाही, तिथे काळ्या दगडावर लाटा आपटतात. बघायला जा, उतरू नका.

---

ठाणेकरीण

वाचनखूण साठवली! आम्ही सासूबाईंना घेऊन जायचा विचार करतोय, गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे हा लोळायचा प्लॅन एकदम सूट होईल. पण त्या शाकाहारी आहेत, जमेल का? आणि सुस्तावलेली, खाण्याचं लिही आता.

---

सुस्तावलेली

जमेल काय, पळेल. ढोल पुरी हे तिथलं मुख्य रस्त्यावरचं खाणं आणि ते पूर्ण शाकाहारी. पातळ, लुसलुशीत पोळी, आत वाटलेल्या डाळीचं सारण, थोडी हळद-जिरं. आपल्या पुरणपोळीची तिखटाकडे गेलेली बहीण समजा. एकावर एक दोन पोळ्या ठेवतात, जोडीनेच विकतात, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरची विचारून घाला, थोडीशी म्हटलं तरी घाम फुटतो. सगळं गुंडाळून कागदात हातात देतात. गाडीवाल्याचा हात इतका चालतो की आपण पैसे काढेपर्यंत पुढच्या माणसाचं गुंडाळून झालेलं असतं.

मग गातो पिमाँ, म्हणजे आपला डाळवडा छोट्या गोळीएवढा, तिथले लोक पावात लोणी लावून त्यात घालून नाश्त्याला खातात. फराटा म्हणून पराठ्यासारखं पण मिळतं. आलूदा नावाचं थंड दूध, सब्जा आणि आगार घातलेलं, दुपारी उन्हात प्यायचं. किनाऱ्यावर अननस उभा चिरून त्याला मीठ, तिखट, चिंचेचं पाणी लावून देतात, तो मी रोज खाल्ला, तोंड सोललं तरी खाल्ला.

चहा व्हॅनिलाचा असतो बऱ्याच ठिकाणी. सासूबाईंना आवडणार नाही हे मी आत्ताच सांगते, चहापत्ती बरोबर न्या.

---

बिनकांद्याची

आम्हाला कांदा-लसूण चालत नाही, त्यांचं काय?

---

सुस्तावलेली

ढोल पुरीच्या भाजीत आणि रुगायमध्ये दोन्ही असतं, पोळी नुसती मागून घ्यावी लागेल. किचनवालं घर घ्या सरळ. सुपरमार्केटमध्ये डाळी, तांदूळ, मसाले, आपल्या ओळखीचं बहुतेक सगळं मिळतं, भाजीबाजारात दुधी, दोडका, कढीपत्ता, भेंडी. वस्ती बहुतांश भारतीय वंशाचीच आहे ना, त्यामुळे काय हवं ते खाणाखुणा करूनही कळतं.

---

गलबत

धागा उशिरा पाहिला. मी कामानिमित्त तिथे काही वर्षं राहिलोय, एबेनला ऑफिस होतं, त्यामुळे दोन गोष्टी घालतो. फ्लिक आँ फ्लाकला राहिलात आणि कास्कावेलला गेला नाहीत असं होऊ देऊ नका, काही किलोमीटरवरच आहे. ते मराठी वस्तीचं गाव. रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या लोकांची पुढची पिढी. घरी बोलतात क्रिओल, कागदोपत्री इंग्रजी, पेपर फ्रेंच, पण देवळात आरती मराठीत. शाळेत मराठी विषय घेता येतो. तुम्ही मराठी बोललात तर म्हातारी माणसं थांबून ऐकतात, उत्तर मात्र बहुतेक वेळा क्रिओल नाहीतर हिंदीत येतं.

गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा समजूत होती की एखादा हॉल असेल, चारपाच घरं असतील. प्रत्यक्षात डोक्यावर गणपती घेतलेली मिरवणूक, मागे जाखडी, पायात चाळ, गोलात फिरत, ढोलकी आणि झांज. चिपळूणच्या बाजूला लहानपणी पाहिलेली जाखडी मी पुन्हा थेट तिकडे पाहिली, गावी आता डीजे असतो. विसर्जन समुद्रात, आणि समुद्र असा उथळ की मूर्ती घेऊन चालत चालत जावं लागतं.

ज्यांना "काय बघायचं" हा प्रश्न पडलाच असेल त्यांनी एकच बघा, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर उतरले तिथून ही करारी मजुरी सुरू झाली, पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बंदरालगत थोडंसं दगडी बांधकाम आणि वर चढणाऱ्या त्या पायऱ्या, एवढंच उरलंय. २००६ साली जागतिक वारसा यादीत गेलं. जागा लहान आहे, पाऊण तासात होते, पण सोमवार-मंगळवारी सकाळी गर्दी नसताना जा.

---

आजोबा_ऑनलाइन

गलबतराव, उत्तम माहिती. आमच्या गावचे (राजापूर तालुका) काही लोक 'मिरीच'ला गेले होते असं माझी आजी सांगायची. परत कुणी आलं नाही. तिथे वंशावळ शोधता येते का?

---

गलबत

आजोबा, येते. मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, त्यांच्याकडे इमिग्रेशनच्या जुन्या नोंदी आहेत, मजुराचं नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, बऱ्याच जणांचे फोटोसुद्धा. अडचण एकच, नावं इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. गावाचं आणि तालुक्याचं नाव, अंदाजे साल एवढं घेऊन जा. आणि जाण्याआधी पत्रव्यवहार करा, थेट जाऊन लगेच मिळेल असं धरू नका.

---

नवानवरा

आमचं डिसेंबर एंडला लग्न आहे, जानेवारीत मॉरिशस हनिमून, एजंटने ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्टचं पॅकेज दिलंय. प्रश्न दोन. पावसाळा असतो का तेव्हा? आणि तो पाण्याखालचा धबधबा बघायचाय, रिल्सवर सगळीकडे आहे, एजंट म्हणतो बोटीतून दाखवू.

---

किमी_मोजणारा

बोटीतून नाही दिसत राव. ल मोर्नच्या टोकाला आहे तो, आणि धबधबा वगैरे काही नाही, वाळू आणि गाळ कठड्याजवळच्या उतारावरून खाली सरकलेला दिसतो, वरून पाहिलं की पाणी पडतंय असा भास. वरूनच. म्हणजे हेलिकॉप्टर नाहीतर छोटं विमान. बोटीत बसलात तर नुसतं निळं पाणी. एजंटला विचारा कुठल्या बोटीतून दाखवतोस म्हणावं.

---

नवानवरा

बापरे. थँक्स काका, पैसे वाचवलेत.

---

लाटवाचक

@नवानवरा, जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. रोज येतात असं नाही, कित्येक वर्षं फक्त गरम आणि दमट जातात, पण जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. तिथे इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. पहिला लागला तरी लोक निवांत असतात, दुसऱ्याला शाळा आधीच बंद असतात आणि सुपरमार्केटमध्ये पाव संपतो, तिसऱ्याला बस बंद, बँका बंद, आणि चौथा म्हणजे वारं ताशी १२० किलोमीटरच्या वर, घराबाहेर पाऊल नाही. हॉटेलं भक्कम असतात, जीवाला भीती नाही, पण खोलीत कोंडून राहायला हनिमूनवाल्यांना काय प्रॉब्लेम म्हणा 😄 तिकीट तारीख बदलता येईल असं काढा, बाकी मजा करा.

तारीख हलवता आली तर एप्रिल शेवट ते जून सुरुवात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऑगस्टला पाणी बावीस-तेवीस अंशाला उतरतं, आपल्या मुंबईकरांना दात वाजतात.

---

सुस्तावलेली

ऑल इन्क्लुझिव्हबद्दल माझं मत, नाही विचारलं तरी देते. तुम्ही बुफेच्या वेळांना बांधले जाता. साडेदहाला नाश्ता बंद म्हणून सुट्टीत गजर लावून उठायचं, वर "पैसे दिलेत" म्हणून तिन्ही वेळा तडस लागेपर्यंत खायचं. आम्ही एक दुपार एका रिसॉर्टसमोर बसलो होतो, तिथली एक आपलीच मंडळी घड्याळ बघून "चला चला, स्नॅक्स सुरू झाले" करत पाण्यातून बाहेर आली.

आणि हो, बसता येतं रिसॉर्टसमोर. तिथे किनारे सार्वजनिक आहेत, भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कुणाच्या बापाची नाही. त्यांच्या खुर्च्या सोडून कुठेही चटई टाका. एका ठिकाणी सुरक्षारक्षकाने आम्हाला हटकायचा प्रयत्न केला, शेजारच्या मासे पकडणाऱ्या आजोबांनी त्याला क्रिओलमध्ये असं काही सुनावलं की तो हसत निघून गेला.

---

ठाणेकरीण

आजोबा भारी! डॉल्फिनचं काय? मुलीचा हट्ट आहे.

---

गलबत

तामारँच्या खाडीत सकाळी येतात, दिसतात हमखास. पण मी एकदा गेलो आणि परत गेलो नाही. डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करून पहाटे त्या उथळ जागी झोपायला, आराम करायला येतात. आणि तिथे दहा-पंधरा बोटी त्यांना घेरून उभ्या, पुढे जाऊन वाट अडवायची, माणसं धपाधप उड्या मारतात, कळप बुडी मारून लांब निघतो, की बोटी मागे. नियम आहेत अंतराचे, पाळतात किती ते दिसतं. मुलीला दाखवायचंच असेल तर एकच बोट लांब थांबवणारा, पाण्यात न उतरवणारा माणूस शोधा, आदल्या दिवशी किनाऱ्यावर विचारून.

त्यापेक्षा ब्लू बेला न्या तिला. संरक्षित क्षेत्र आहे, तळाला काच असलेली होडी असते, पोहता आलं नाही तरी प्रवाळ दिसतात, मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा एक भला मोठा गोळा आहे तो नावाडी दाखवतोच. विमानतळ तिकडेच आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी जमतं.

---

आजोबा_ऑनलाइन

तिकडेच ते जपानी जहाज फुटून तेल सांडलं होतं ना? आता पाणी स्वच्छ आहे का?

---

गलबत

हो, वाकाशिओ. २५ जुलै २०२० ला आग्नेयेला पाँत देस्नीजवळ कठड्यावर चढलं, ऑगस्टमध्ये फुटलं, हजारेक टन तेल गेलं समुद्रात. करोनामुळे देशाच्या सीमा बंद, तरी हजारो लोक उतरले. उसाचं वाळलेलं पाचट कापडाच्या नळ्यांत भरून, शिवून त्याचे लांबच लांब बांध पाण्यावर टाकले, लोकांनी केस कापून दिले कारण केस तेल धरतात. माझे ऑफिसातले क्रिओल, तमिळ, मराठी, चिनी सगळे माहेबूरला जाऊन शिवत बसले होते. आता किनाऱ्यावर नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, खारफुटीतल्या चिखलाचं मी बोलणार नाही.

---

डॉ_खडीसाखर

मजेत व्यत्यय आणतेय, पण रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट न्याच. समुद्री साळूचे काळे काटे पायात मोडतात आणि निघत नाहीत. दुसरा दगडमासा, तो दगडासारखाच पडलेला असतो, पाठीच्या काट्यात विष. पाय पडलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात (पंचेचाळीस अंशांपर्यंत, भाजेल असं नाही) पाय बुडवून ठेवायचा, उष्णतेने वेदना कमी होतात, आणि ताबडतोब दवाखाना. बर्फ लावू नका, वर दोरी बांधू नका.

आणि ऊन. वारा गार असतो म्हणून कळत नाही. मास्क लावून पालथं तरंगणारे सगळे पाठ आणि पोटऱ्या भाजून येतात, रात्री पालथे झोपतात. जुना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून पाण्यात उतरा, क्रीमपेक्षा खात्रीचा.

---

तारांगण_वेडा

कुणीच आकाशाबद्दल लिहिलं नाही?? अहो दक्षिण गोलार्ध आहे तो. आपल्याकडे मुंबईहून त्रिशंकू (इंग्रजीत सदर्न क्रॉस) मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजालगत, इमारतींच्या वर आला तर आला. मॉरिशसला तोच निम्म्या आकाशाएवढा वर. बाजूला त्याचे सोबती दोन ठळक तारे, डोळे झाकून ओळखता येतात. उत्तरेला वळलात तर सप्तर्षी उलटे टांगलेले आणि ध्रुव गायब, तो क्षितिजाखाली. चंद्रही उलटा, ससा डोक्यावर उभा. दिवसा सूर्य वर्षातले बहुतेक महिने उत्तरेकडून जातो, त्यामुळे खोली घेताना उत्तरेची बाल्कनी म्हणजे ऊन, हे हॉटेलवाले सांगत नाहीत. किनाऱ्यावर पडूनच राहायचं तर रात्री पडा, मे-जूनमध्ये आकाशगंगेचा गाभा अगदी डोक्यावर येतो. हॉटेलांच्या दिव्यांपासून थोडं लांब, ल मोर्नच्या बाजूला.

---

सुस्तावलेली

अय्या, ते उलटे सप्तर्षी होते होय! आम्ही रोज बघायचो आणि नवरा म्हणायचा पतंग आहे.

---

तारांगण_वेडा

🤦

---

नवानवरा

पैशांचं पण सांगा ना कुणी. यूपीआय चालतं म्हणे.

---

किमी_मोजणारा

फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालंय, पण सगळीकडे धरून चालू नका. दुकानं, हॉटेलं कार्ड घेतात. बस, बाजार, ढोल पुरीची गाडी रोखच. त्यांचा रुपया आपल्या दोन रुपयांच्या आसपास, दुपटीचा हिशोब डोक्यात ठेवा म्हणजे खर्च जास्तच वाटतो आणि हात आवरतो. व्हिसा आधी काढायला लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का, फक्त परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा, ऑनलाइन फॉर्म निघायच्या आधी भरा.

आणि टॅक्सीत बसायच्या आधी भाव ठरवा. मीटर असतो, चालत नाही.

---

ठाणेकरीण

काका, तुम्ही इतकं फिरलात त्यातलं सासूबाईंना झेपेल असं एक सांगा बरं.

---

किमी_मोजणारा

गंगातलाव. गाडी तळ्यापर्यंत जाते, शंकराची १०८ फुटी मूर्ती रस्त्यावरूनच दिसते, देऊळ पाण्याला लागून. उंचावर आहे, गार असतं, ढग खाली येतात, शाल न्या त्यांच्यासाठी. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र नको, अख्खा देश कावडी घेऊन चालत येतो तिथे. तेवढं करा आणि मग सुस्तावलेलीताई म्हणतायत तसं पडा चार दिवस, माझी हरकत नाही.

---

सुस्तावलेली

काका!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

ठाणेकरीण

😂 मग ठरलं, ऑक्टोबर. शेवटचं, फ्लिक आँ फ्लाकहून कास्कावेलला बस आहे का? गाडी भाड्याने घ्यायची की नाही त्यावर ठरेल.

---

गलबत

पोर्ट लुई आणि कात्र बोर्न, दोन्हीकडच्या बस फ्लिक आँ फ्लाकहून सुटतात आणि त्याच बाजूने जातात. कंडक्टरला चढताना देऊळ म्हणून सांगून ठेवा, तो नेमकं उतरवतो. तिकीट हातात ठेवा, मध्येच तपासनीस चढतो. संध्याकाळी सातनंतर बसच्या भरवशावर राहू नका. सासूबाई बरोबर असतील तर जाताना बस, येताना टॅक्सी. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, घेतलीत की ठाण्याचे लोक फिरायला लागणारच.